न्यू जर्सीत रिकामी झालेली आमदारकी कोणी भरायची? पक्षाच्या कमिटीने की मतदारांनी?

मिडलसेक्सकर

न्यू जर्सीतल्या मंडळींशी जरा बोलायचंय. आपल्याकडे राज्याच्या निवडणुका विषम वर्षात होतात, 2021, 2023, 2025 अशा. 1947 च्या राज्यघटनेपासून गव्हर्नरची निवडणूक पण प्रेसिडेंटच्या निवडणुकीच्या पुढच्या वर्षी येते, म्हणजे वॉशिंग्टनच्या गदारोळात राज्याचे प्रश्न वाहून जात नाहीत. हे मला मनापासून पटतं. पण मधेच आमदाराची जागा रिकामी झाली तर ती भरताना मतदाराला कोणी विचारत नाही, हे अजिबात पटत नाही. जाणाऱ्या आमदाराच्या पक्षाचे काउंटी कमिटी मेंबर 35 दिवसांच्या आत कन्व्हेन्शन घेतात, एक नाव निवडतात आणि तो माणूस राजधानी ट्रेंटनला जाऊन शपथ घेतो. 1988 च्या घटनादुरुस्तीपासून हे असंच चाललंय. नोव्हेंबरमध्ये मतदान होतं, नाही असं नाही, पण तोपर्यंत तो असेंब्लीमन, म्हणजे राज्याचा आमदार, झालेला असतो, त्याला ऑफिस असतं, स्टाफ असतो, आपल्या दिवाळीच्या कार्यक्रमात स्टेजवर खुर्ची असते, मग समोर उभं राहणार कोण?

आमच्या एडिसनचंच घ्या. नॅन्सी पिंकिन 2020 च्या नोव्हेंबरात काउंटी क्लर्क म्हणून निवडून आल्या आणि 2021 च्या जानेवारीत त्यांच्या असेंब्लीच्या जागेवर कमिटीने स्टर्ली स्टॅनली यांना पाठवलं. त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही, माझं भांडण पद्धतीशी आहे. आणि 2024 ची साखळी तर बघा, सिनेटर मेनेंडेझ यांना राजीनामा द्यावा लागला, त्या जागेवर काँग्रेसमधून (म्हणजे वॉशिंग्टनच्या प्रतिनिधीगृहातून) अँडी किम निवडून आले, किम यांच्या जागेवर असेंब्लीतून हर्ब कॉनवे गेले, आणि कॉनवे यांची रिकामी खुर्ची 2025 च्या जानेवारीत बलवीर सिंग यांना मिळाली. पहिल्या दोन जागा लोकांनी मतदान करून भरल्या, शेवटची तेवढी कमिटीने. माझ्या प्रॉपर्टी टॅक्सवर, शाळेच्या फंडिंगवर मत देणारा माणूस हा शेवटचाच असतो! दोन-तीन महिन्यांत सरळ स्पेशल इलेक्शन घ्यावी असं माझं म्हणणं आहे.

पार्सिपनीचे जोशी

अहो पण खर्चाचं काय? 2013 आठवतंय का, जूनमध्ये सिनेटर लॉटेनबर्ग गेले आणि तेव्हाचे गव्हर्नर ख्रिस्टी यांनी स्पेशल इलेक्शन ठेवली 16 ऑक्टोबरला, बुधवारी. त्यांची स्वतःची गव्हर्नरची निवडणूक 5 नोव्हेंबरला होती. म्हणजे 20 दिवसांत दोनदा तीच मशिन्स, तेच पोल वर्कर, त्याच शाळांच्या जिम. प्रायमरी (पक्षाचा उमेदवार ठरवायचं मतदान) धरून खर्चाचा अंदाज होता 2 कोटी 40 लाख डॉलर, आणि मत द्यायला आले किती तर जेमतेम चारातला एक. ती तरी अख्ख्या राज्याची सिनेटची जागा होती. असेंब्लीच्या एका जागेसाठी कोण येणारे? 2015 मध्ये असेंब्लीच बॅलटवर सगळ्यात वर होती, तेव्हा टर्नआउट 22 टक्क्यांच्या आसपास होता, तोही नोव्हेंबरच्या नेहमीच्या तारखेला. मार्चमध्ये थंडीत घ्याल तर त्याच्या निम्मे पण येणार नाहीत, आणि मग तुम्ही म्हणणार लोकांनी निवडला. कसले लोक? पक्षाचेच.

लाउडनवाली

आमच्या व्हर्जिनियात तुम्हाला हवंय तसंच होतं, म्हणून सांगते. 2024 मध्ये सुहास सुब्रमण्यम काँग्रेसवर गेले, त्यांची स्टेट सिनेटची जागा मोकळी झाली, तिथे हाउस ऑफ डेलिगेट्समधले (राज्याच्या खालच्या सभागृहातले) कन्नन श्रीनिवासन उभे राहिले म्हणून त्यांची पण जागा मोकळी, आणि दोन्हीचं मतदान 7 जानेवारी 2025 ला. आदल्याच दिवशी बर्फाचं वादळ येऊन गेलेलं, शाळा बंद, ड्राइव्हवे साफ करता करता कंबर गेली, तरी लोक गेले, मी पण गेले. कारण सिनेटमध्ये 21-19 आणि हाउसमध्ये 51-49 होतं हो, एका-एका जागेवर बहुमत टिकून होतं. असल्या वेळी पक्षाच्या शंभर-दोनशे लोकांनी खोलीत बसून जागा भरली असती तर मला झोप लागली नसती.

फक्त एक सांगायला हवं, उमेदवार ठरवायला जी फायरहाउस प्रायमरी होते ती पक्षच चालवतो, ती पण घाईघाईत, नोव्हेंबरची इलेक्शन झाल्यावर दीड आठवड्यात. मोजकी सेंटर्स, मोजके तास. आमच्यासारख्या एकाच पक्षाच्या भागात खरा निकाल तिथेच लागतो. त्यामुळे स्पेशल इलेक्शन आली की सगळं लोकांच्या हातात आलं असं समजू नका. तरी शेवटचा शिक्का मतदाराचा असतो, तेवढ्यासाठी मी तुमच्या बाजूने.

सदाशिवपेठी

पुण्यातून लिहितोय. रिकामी जागा म्हणजे काय ते आम्हाला विचारा. आमचे खासदार गिरीश बापट 29 मार्च 2023 ला गेले. निवडणुकीच्या कायद्यात 151अ कलम आहे, सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यायची, टर्म एक वर्षापेक्षा कमी उरली असेल किंवा केंद्र सरकारशी बोलून आयोगाने वेळेत घेणं अवघड आहे असं ठरवलं तरच सूट. इथे वर्षाच्या वर बाकी होती, तरी आयोगाने घेतलीच नाही, इतर निवडणुकांची कामं आहेत आणि नव्या खासदाराला वेळ थोडाच मिळेल म्हणे. हायकोर्टाने डिसेंबरात घ्या म्हणून सांगितलं, जानेवारीत सुप्रीम कोर्टाने त्याला स्थगिती दिली, आणि पुण्याला खासदार मिळाला तो थेट 2024 च्या जूनमध्ये. त्याच पुण्यात बापट जायच्या एक महिना आधी कसब्याची आमदारकीची पोटनिवडणूक दोन-सव्वादोन महिन्यांत उरकली होती. तेव्हा तुमच्या कमिटीने 35 दिवसांत माणूस दिला तर मी म्हणेन घ्या की! पत्र लिहायला कोणीतरी असतो. इथे पासपोर्टच्या, रेल्वेच्या कामाला लोक शेजारच्या मतदारसंघाच्या खासदाराकडे जात होते.

मिडलसेक्सकर

@सदाशिवपेठी, पुण्यात जे झालं ते वाईटच, पण त्याचं कारण निवडणूक घ्यायचा नियम हे नाही, नियम असून तो पाळला नाही हे आहे. आमच्याकडे काँग्रेसची, म्हणजे प्रतिनिधीगृहाची, जागा रिकामी झाली की मतदान घ्यावंच लागतं, तिथे गव्हर्नरला नेमणूक करताच येत नाही. मिकी शेरिल गव्हर्नर म्हणून निवडून आल्या, 2025 च्या नोव्हेंबरात त्यांनी काँग्रेसची जागा सोडली, त्या जागेची प्रायमरी लागली 5 फेब्रुवारीला आणि मतदान 16 एप्रिलला. काँग्रेससाठी जमतं मग असेंब्लीला का नाही?

@जोशीकाका, तुमचे आकडे बरोबर आहेत, पण टर्नआउट काही दगडावरची रेघ नाही. 2015 ला 22 होता, 2021 ला 40 च्या आसपास, आणि 2025 ला निम्म्याच्या वर गेला. त्या जूनपासून विजेची बिलं एकदम 17-20 टक्क्यांनी वाढली होती, घराघरात तोच विषय होता. पोटाला चिमटा बसला की लोक बाहेर पडतात. शिवाय आता मेल-इन बॅलट आहे.

मेटुचेनची ताई

मी कमिटी मेंबर आहे, म्हणजे तुम्ही ज्यांच्यावर चिडलाय त्यांच्यातलीच. आम्ही आकाशातून पडत नाही हो. प्रत्येक इलेक्शन डिस्ट्रिक्टमधून दोन जण, जूनच्या प्रायमरीत तुमच्याच मतांनी निवडले जातात. आता जूनमध्ये सॅम्पल बॅलट घरी आला की शेवटच्या ओळी बघा. काउंटी कमिटीच्या रकान्यात कितीतरी ठिकाणी छापलेलं असतं "नो पिटीशन फाइल्ड". म्हणजे कोणी उभंच राहिलं नाही! तुमच्या गल्लीतल्या शे-पाचशे घरांसाठीची जागा, थोड्याशा सह्या लागतात, आणि ती रिकामी. मग कन्व्हेन्शनला जे आले ते आले. आपली मराठी माणसं गणपतीच्या कमिटीत उत्साहाने नावं देतात, इथे का नाही देत? मी सह्यांसाठी दारोदार फिरले तेव्हा आपल्याच एका घरी मला विचारलं, हे काय असतं? तेच लोक दोन वर्षांनी म्हणतात पक्षाने परस्पर ठरवलं.

आणि कन्व्हेन्शनला उमेदवार फोन करतो, घरी येतो, अर्धा तास बसतो. शाळेच्या फंडिंगवर मी त्याला जे विचारते ते विचारायची संधी स्पेशल इलेक्शनमध्ये कोणाला मिळणार? तिथे फक्त गुळगुळीत कागद येतो मेलबॉक्समध्ये.

जर्सी सिटी_रांगेत

सगळं वाचलं, एवढंच सांगतो की आमच्यासारखे ग्रीन कार्डच्या रांगेतले प्रॉपर्टी टॅक्स भरतात, मुलं इथल्या शाळेत आहेत, आणि आम्हाला यातलं काहीच नाही, ना कमिटी ना मतदान. ज्यांना मत आहे त्यांनी निदान प्रायमरी तरी चुकवू नका.

मिडलसेक्सकर

ताई, "नो पिटीशन फाइल्ड" चा मुद्दा मान्य, या जूनला मी सह्या गोळा करणार आहे. पण त्याने माझा मूळ आक्षेप जात नाही. कमिटी एकाच पक्षाची असते. एडिसनमध्ये दुसऱ्या पक्षाला मत देणारे आहेत, कुठल्याच पक्षात नाव न नोंदवलेले तर भरपूर आहेत, त्यांनी कुठे जायचं? तुमच्याकडे उमेदवार अर्धा तास बसतो, त्यांच्या दारात तो येतच नाही.

बरं, स्पेशल इलेक्शन परवडत नसेल तर निदान हे करा, कमिटीने नेमलेल्या माणसाने नोव्हेंबरला उभं राहायचं नाही. मेनेंडेझ यांच्या जागेवर गव्हर्नर मर्फींनी जॉर्ज हेल्मी यांना नेमलं तेव्हा ते निवडणुकीला उभे नव्हते, तीन महिने काम केलं आणि किम यांच्यासाठी जागा सोडली. कोणाचं काही बिघडलं नाही.

मेटुचेनची ताई

सिनेटचे तीन महिने वेगळे. आमच्याकडे जानेवारीत बसलेला माणूस नोव्हेंबरपर्यंत राहतो, मधे जूनमध्ये राज्याचं बजेट पास होतं. ज्याला पुन्हा मतं मागायचीच नाहीत तो बजेटच्या वेळी माझा फोन कशाला उचलेल? मला तो नोव्हेंबरला उभा राहायलाच हवा. समोर कोणीतरी दमदार उभा करा, ते जास्त गरजेचं आहे.

पार्सिपनीचे जोशी

ताईंना अनुमोदन. आणि मिडलसेक्सकर, सह्या गोळा करायच्या आधी पिटीशनची शेवटची तारीख म्युनिसिपल क्लर्कच्या ऑफिसात विचारून घ्या, प्रायमरी जूनमध्ये असली तरी कागद मार्चमध्येच द्यावे लागतात.