फियाटचा पुढचा ब्रेक धरून राहतो, सुटत नाही. तातडीने मदत हवी

वारणाकाठ:
नमस्कार मंडळी. फियाट आहे. दहा-बारा किलोमीटर मस्त चालते, मग जड होत जाते. न्यूट्रलला टाकली तरी घरंगळत नाही, जागेवर उभी. चाकाला हात लावला तर चटका बसतो. अर्धा तास थांबलं की आपोआप मोकळी. गॅरेजवाल्याने पॅड बदलले, एअर काढली, तरी तेच. आता म्हणतो मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबल्यावर ऑइल ढकलणारा मुख्य पंप, बदला. पुढच्या रविवारी सांगलीहून साताऱ्याला जायचंय, तिथून कासला. कुणाला नेमकं माहीत असेल त्यानेच सांगा, वेळ नाही.

जुनी_पद्मिनी:
भाऊ, हा पद्मिनीचा जुना आजार. ड्रम उघडा, शूची रिटर्न स्प्रिंग ढिली झाली असणार. स्प्रिंग आणि व्हील सिलिंडरचं किट टाका, दोन तासांचं काम. माझ्याकडे १९८६ ची आहे, तिचंही असंच झालं होतं. गाडी मात्र विकू नका. मुंबईत २०२३ ला शेवटच्या पद्मिनी टॅक्सी बंद झाल्या तेव्हा जीव हळहळला होता.

मिरज_जंक्शन:
ते पॅड म्हणतायत, म्हणजे पुढे डिस्क आहे. पद्मिनीला ड्रम. वारणाकाठ, आधी हे सांगा: फियाट कोणती? साल? एकच चाक धरतं की पुढची दोन्ही? पेडल हलकं करणारा बूस्टर आहे का? गाडी किती दिवस उभी होती? आणि ब्रेक ऑइल कोणतं, शेवटचं कधी बदललं?

वारणाकाठ:
मॉडेलने काय फरक पडतो? ब्रेक तो ब्रेक. १२४ स्पोर्ट स्पायडर, १९७१, १६०८ सीसी. बूस्टर आहे. आणि भाऊ नाही, ताई.

कृष्णामाई:
ताई, सांगलीत स्पायडर?? आणि तुम्ही नुसतं 'फियाट आहे' लिहिताय! फोटो टाका ना. ही गाडी १९६६ ला तुरिनच्या मोटर शोमध्ये आली. बॉडी पिनिनफरिनाची, रेखाटन टॉम जार्डाचं. इंजिन ऑरेलिओ लाम्प्रेदीचं, फेरारीची मोठी व्ही-ट्वेल्व्ह इंजिनं करणारा तोच. १६०८ म्हणजे दोन वेबर कार्ब्युरेटरवाली. तो आवाज एकदा ऐकायला मिळावा. माधवनगर रोडला आणलीत तर सांगा, मी येतो.

पेठनाका:
१२४ म्हणजे आपली वन-वन-एट एनई. तीच गाडी प्रीमियरने १९८५ पासून इथे काढली. भंगारात एक शोधा, ब्रेक सगळे तिचे बसतील.

मिरज_जंक्शन:
पेठनाका, असं ठोकून देऊ नका. वन-वन-एट एनई ही १२४ च्या सेडान बॉडीवरची गाडी, आत निस्सानचं ११७१ सीसीचं इंजिन. स्पायडरला चारही चाकांना डिस्क. रशियाची लाडाही १२४ वरूनच निघाली, पण तिला मागे ड्रम आणि पुढचे कॅलिपर, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणारे जबडे, दोन बाजूंना पिस्टनवाले. स्पायडरचा पुढचा कॅलिपर ब्रॅकेटवर सरकतो, पिस्टन एकाच बाजूला. ब्रेकच्या कामात जवळपासचं बसवायचं नसतं.

ताई, एक चाक की दोन्ही, हे तुम्ही अजून सांगितलं नाही. सगळं निदान त्यावर आहे.

वारणाकाठ:
उजवं. डावं कोमट असतं, उजवं धरवत नाही.

पेठनाका:
मग आत गाळ साठलाय. ब्रेक ऑइलच्या टाकीत डिझेल ओता, पेडल मारत मारत चारही चाकांच्या निपलमधून, म्हणजे एअर काढायच्या तोंडातून, काढा. गाळ धुऊन निघेल. आमच्या गॅरेजला ट्रॅक्टरला असंच करायचे.

निवृत्त_फिटर:
अजिबात नको. एस्टीच्या वर्कशॉपात आयुष्य गेलं माझं, म्हणून सांगतो. ब्रेकच्या लाइनीत डिझेल, इंजिन ऑइल, रॉकेल यांचा थेंबसुद्धा गेला की रबर फुगतं. मास्टर सिलिंडरचे वॉशर, कॅलिपरची सीलं, होज म्हणजे चाकाकडच्या रबरी नळ्या, सगळं गेलं समजा. नंतर नवं ऑइल भरून उपयोग नाही, रबर बदलावंच लागतं. लाइन धुवायची तर ताज्या ब्रेक ऑइलनेच. पेठनाका, राग नको, पण त्यांना घाट उतरायचाय.

पेठनाका:
राग नाही काका. पण आमचे ट्रॅक्टर आजही चालतात.

साताराकर:
कुणी विचारत नाही म्हणून सांगतो. १९७१ ची गाडी पन्नास वर्षांपुढची झाली. २०२१ च्या नियमाप्रमाणे व्हिंटेज नोंदणी होते, नंबरात 'व्हीए' येतं, नवीन नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. पण मग रोज फिरवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच. लग्नाला न्यायची असेल तर विचार करून नोंदवा.

वारणाकाठ:
साताराकर दादा, नोंदणी झालेली आहे. मला ब्रेकचं सांगा.

मिरज_जंक्शन:
एकच चाक म्हणजे मास्टर सिलिंडरवरचा संशय कमी झाला. मास्टरचं परतीचं भोक बंद असतं किंवा बूस्टरचा पुशरॉड लांब असता, तर पुढची दोन्ही चाकं सारखी धरली असती. उरले दोन: कॅलिपर जाम, नाहीतर होज आतून बंद. जुन्या रबरी होजचं आतलं अस्तर सुटतं आणि झडपेसारखं वागतं. तुम्ही पायाने दाबता तेव्हा जोर असतो म्हणून ऑइल पुढे जातं. पाय काढल्यावर परत यायला जोर नसतो, ते तिथेच अडकतं. पॅड घासत राहतात, डिस्क तापते, ऑइल तापतं, पकड आणखी वाढते. थंड झालं की हळूहळू झिरपतं आणि चाक सुटतं. तुमचं वर्णन तेच आहे.

पैसे घालण्याआधी ही तपासणी करा. सपाट जागी गाडी तापवा, चाक धरलं की उचला. खाली स्टँड लावल्याशिवाय हात घालू नका, नुसत्या जॅकवर नाही. मग लोखंडी पाइप होजला जिथे मिळतो तो जोड पाव आटा ढिला करा. चाक सुटलं तर दोष वर, मास्टरकडे. नाही सुटलं तर जोड आवळा आणि कॅलिपरचं निपल उघडा. ऑइल उडून चाक सुटलं तर होज गेला. निपल उघडूनही चाक हललं नाही तर कॅलिपर जाम. ऑइल गरम असतं, चष्मा आणि हातमोजे घाला. रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग उचलतं.

आणि एक राहिलं. गाडी उभी किती दिवस होती?

वारणाकाठ:
गाडी मामांची. गावभागातल्या घराच्या शेडमध्ये होती. २०१९ च्या महापुरात चाकांच्या वर पाणी आलं. नंतर इंजिन उघडून नीट बांधलं, सीट बदलल्या. ब्रेकला कुठे गळती नव्हती म्हणून ते उघडलं नाही. मामा गेले, गाडी माझ्याकडे आली. गेल्या वर्षापासून चालवतेय.

मिरज_जंक्शन:
हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं! पुराचं पाणी कॅलिपरच्या सरकत्या जागेत आणि बेअरिंगमध्ये गेलंय. ब्रेक ऑइल हवेतलीच ओल ओढून घेतं, इथे तर टाकीच्या झाकणापर्यंत पाणी आलं असेल. डॉट थ्री प्रकारच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनांक ताजं असताना २०५ अंशांच्या आसपास, ओल धरली की १४० वर येतो. धरलेल्या ब्रेकने तेवढी उष्णता सहज होते. ऑइल उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल थेट फरशीला टेकतं.

साताराकर:
म्हणजे यवतेश्वरच्या उताराला. कासहून परतताना त्या वळणांवर नुसत्या हँडब्रेकवर भरवसा ठेवणार का ताई? दुसऱ्या गाडीने या, मी घरी चहा पाजतो. पण ही गाडी आणू नका.

ऊसकरी:
रबराचा विषय निघालाय म्हणून. पेट्रोलचे होजही बघा. आता पंपावर सगळीकडे ई-ट्वेंटी येतं, वीस टक्के इथेनॉल. १९७१ चं रबर त्यासाठी केलेलंच नाही. खाऊन खाऊन कुरतडतं, थेंब गळतो, आणि खाली गरम एक्झॉस्ट. जुन्या गाड्या पेटतात त्या अशाच.

जुनी_पद्मिनी:
इथेनॉलचं खापर का फोडता? आपल्या भागातले कारखाने त्यावर उभे आहेत. माझी पद्मिनी तेच पेट्रोल पिते.

ऊसकरी:
खापर नाही, मीही उसाचाच माणूस. कारखान्याने इथेनॉल केलंच पाहिजे, तेव्हाच आमचा दर वाढेल. पण जुन्या गाडीला इथेनॉल सोसणारे होज टाकायचे आणि गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर टाकी, कार्ब्युरेटर कोरडे ठेवायचे. इथेनॉल पाणी ओढतं, टाकी आतून गंजते.

जुनी_पद्मिनी:
दर मिळाला का यंदा?

निवृत्त_फिटर:
दराचा विषय दुसरीकडे घ्या. ताई, तपासणी झाली का?

वारणाकाठ:
झाली. आज सकाळी विश्रामबागेतून कुपवाडला जाऊन आले, येताना उजवं चाक धरलं. उचलून स्टँड लावले. वरचा जोड ढिला केला, दोन थेंब आले, चाक जागचं हललं नाही. जोड आवळून निपल उघडलं, काळपट ऑइल पिचकारीसारखं उडालं आणि चाक हाताने फिरायला लागलं. होज काढून मधोमध कापला. बाहेरून काळा, गुळगुळीत, एकही तडा नाही. आत अस्तराचा एक पापुद्रा सुटून वाटेत आडवा आलेला, सुई जाईल एवढंच छिद्र उरलेलं.

मास्टर सिलिंडर बदलला असता तर पैसे जाऊन दोष तसाच राहिला असता. आता होज कुठून आणू? कुपवाड एमआयडीसीत जेसीबीचे होज बनवून देतात, तिथून करून घेऊ का?

पेठनाका:
घ्या की. जेसीबीचा होज कितीतरी दाब सोसतो, तुमचा ब्रेक म्हणजे किरकोळ.

निवृत्त_फिटर:
दाबाचा प्रश्नच नाही हो. ते होज खनिज तेलासाठी केलेले, आतलं रबर ब्रेक ऑइलला चालत नाही. पुन्हा फुगेल आणि हीच कथा. ब्रेकसाठी म्हणून बनवलेला होज मागा, त्यावर तसा छाप असतो. कोल्हापूरला उद्यमनगरात ब्रेकचे होज करणारा मिळाला तर जुना नमुना घेऊन जा. दोन्ही टोकांचे आटे पिच गेजने मोजून घ्या. बसला म्हणून आवळला असं नको, जुन्या इटालियन गाडीचा आटा आजच्यापेक्षा वेगळा निघू शकतो.

मिरज_जंक्शन:
आणि एक होज नाही, सगळे. मागचेही. वय सारखं, पूर सारखाच. दोन्ही पुढचे कॅलिपर खोलून सरकत्या जागा घासून साफ करा, सीलं नवी टाका. मागच्या कॅलिपरला हँडब्रेकची यंत्रणा आहे. तिथला पिस्टन क्लॅम्पने दाबू नका, तो फिरवत आत जातो. दाबलात तर आतला स्क्रू मोडेल. डॉट फोर भरा, सीलबंद डब्यातलं. सिलिकॉनवालं डॉट फाइव्ह नको. एअर काढायला मास्टरपासून सगळ्यात लांबच्या चाकाकडून सुरुवात करा.

आणि एक विचारतो. इंजिन बांधलं तेव्हा टायमिंग बेल्ट टाकला असेल. त्यानंतर?

वारणाकाठ:
नंतर नाही. पण गाडी फार चाललीच नाहीये. दोन हजार किलोमीटरही नाहीत.

मिरज_जंक्शन:
किलोमीटर बघू नका. तो दातेरी रबरी पट्टा आहे, आणि रबर उभ्या गाडीतही जुनं होतं, हे होजने दाखवलंच. धावताना तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनला भिडतात, मग हेडच उतरवावं लागेल. बेल्ट आणि त्याचं टेन्शनर बेअरिंग, दोन्ही एकत्र. लेथवाल्याला नाही, ज्याने खुणा जुळवून ट्विन-कॅम बांधलंय त्यालाच द्या.

कृष्णामाई:
ताई, कोल्हापूरला जाणार असाल तर मी नमुना घेऊन जातो, शुक्रवारी माझी तिकडे फेरी आहे. फोटो मात्र टाका.

वारणाकाठ:
कृष्णामाई दादा, चालेल. सगळे होज काढून ठेवते, टोकांवर कुठला कुठला ते लिहून. सातारला एस्टीने जाते. साताराकर, चहाला येईनच.

साताराकर:
या. पोवई नाक्यावर उतरलात की फोन करा.