खलनायकांच्या जोड्या: खलपणा न घालवता कशा जमवायच्या?

गेममधल्या व्हिलनची जोडी जमवणं सोपं, जमवल्यावर तो व्हिलन राहणं अवघड. तिसऱ्या प्रकरणापर्यंत साहेब जगाचा नाश विसरून रजई पांघरून बसलेले असतात आणि वाचणाऱ्याला प्रश्न पडतो, मग हाच माणूस कशाला निवडला? फिक (चाहत्यांच्या कथा) लिहिणारे, चित्रं काढणारे, टॅग लावणारे, झीन (चाहत्यांच्या पुस्तिका) छापणारे, सगळ्यांनी आपापल्या कामातलं नेमकं लिहा. काय फसतं आणि का फसतं, ते हवं. "मला हे दोघं फार आवडतात" एवढंच असेल तर ते आम्हाला माहीत आहे. कुठली जोडी चांगली यावरून भांडण इथे नको.

तारखा जुळवणारी

क्रिस रेडफिल्ड आणि अल्बर्ट वेस्कर. लिहायला बसण्याआधी वर्ष ठरवा, कारण ही जोडी 'रेसिडेंट ईव्हिल'च्या कथेत मोजक्याच वेळा समोरासमोर येते: जुलै १९९८ला हवेलीत, डिसेंबर १९९८ला अंटार्क्टिकात, २००६मध्ये स्पेन्सरच्या वाड्यात आणि २००९मध्ये आफ्रिकेत. या चार भेटींच्या मधला काळ तुमचा.

हमखास होणारी चूक म्हणजे स्टार्सच्या (दोघांच्या पोलिस पथकाच्या) ऑफिसातल्या प्रसंगात गॉगलमागे लाल डोळे चमकवणं. जुलै १९९८आधी वेस्कर साधा माणूस आहे, क्रिसचा कॅप्टन. टायरंट या राक्षसाने भोसकल्यावर विषाणूने त्याला परत उठवलं, डोळे आणि अमानुष वेग तिथून पुढचे. त्या आधीच्या फिकमध्ये तो गोळी चुकवू शकत नाही, आणि खरं तर तेच जास्त धोक्याचं, कारण तेव्हा त्याच्याकडे फक्त डोकं आणि खोटेपणा आहे.

पाचव्या गेममध्ये एक आयतं साधन दिलंय आणि ते फार कमी लोक वापरतात. पीजी६७ए/डब्ल्यू हे सीरम. शरीरातला विषाणू ताब्यात राहावा म्हणून वेस्करला ते नेमक्या मात्रेत, ठरावीक वेळाने टोचून घ्यावं लागतं. मात्रा जास्त झाली की तेच विष. आता प्रसंग बघा: सुई दुसऱ्याच्या हातात आहे. कोणी "माझा तुझ्यावर विश्वास आहे" म्हणायची गरज उरत नाही, वेस्कर बाही वर करतो तेवढं पुरे. आणि तो बदललेलाही नाही, उद्या सकाळी जग जाळायला निघणारच आहे.

तिसरा अंक

वरचं पटलं. 'बाल्डर्स गेट ३'मध्ये (ऑगस्ट २०२३) हाच हिशेब उलटा लागतो, कारण तिथे भूतकाळच गाळलेला आहे. डार्क अर्ज (खेळणाऱ्याचं पात्र, थोडक्यात 'डर्ज') आणि खलनायक एन्व्हर गॉर्टाश, लोकांच्या तोंडी 'डर्जटाश'. दोघांनी मिळून मेफिस्टोफेलीस या सैतानाकडून कार्ससचा जादूई मुकुट पळवला, पुढे ऑरिन या दुसऱ्या खलनायिकेने डर्जला दगा दिला आणि डर्जची स्मृती गेली. म्हणजे एकाला सगळं आठवतंय, दुसऱ्याला काहीच नाही. ही असमानता पहिल्या पानावरच मांडा. दहाव्या पानावर स्मृती सरसकट परत आणली की जोडीतला ताण तिथेच संपतो. वास, हस्ताक्षर, हाताची एखादी सवय असं तुकड्यातुकड्यांनी परत द्या.

अडचणी तीन. गॉर्टाश दुसऱ्या अंकाच्या शेवटी जेमतेम दिसतो आणि प्रत्यक्ष भेटतो तो तिसऱ्या अंकात, त्यामुळे गेमच्या काळात घडणारी लांबलचक कथा ताणावी लागते. आधीचा काळ घ्या, नाहीतर पत्रं वापरा. दुसरी म्हणजे कारलॅक, डर्जच्या सोबत्यांपैकी एक. तिला झॅरिएल या सैतानाला विकणारा गॉर्टाशच. ती तळावर असेल तर तिचा राग एका संवादात मिटवू नका, तिला बाहेरही पाठवू नका. वाचक लगेच ओळखतो की लेखक पळालाय. तिसरी म्हणजे शेवट: गॉर्टाशशी हातमिळवणी केली तरी गेमचा शेवटचा शत्रू, महामेंदू, त्याला मारतो. तो जगवायचा तर नेमका कुठला निर्णय बदललाय ते फिकमध्ये दिसलं पाहिजे.

आणि डर्जचं रूप सारांशातच सांगून टाका. गेम सुरुवातीला पांढरा ड्रॅगनबॉर्न देतो, पण प्रत्येकाचा डर्ज वेगळा. नवव्या परिच्छेदात अचानक शेपूट आली की वाचणारा दचकतो.

टॅगवाली

एओ३ या फिकच्या संकेतस्थळावर दोन नावांमधली तिरकी रेघ म्हणजे प्रेमाची जोडी. '&' म्हणजे मैत्री, वैर, भागीदारी, बाकी सगळं. दोघं फक्त एकमेकांच्या जिवावर उठलेले असतील तर '&'. सवयीने दोन्ही लावले की दोन्हीकडचे वाचक चिडतात.

इशारे चार आहेत: तपशीलवार हिंसा, मुख्य पात्राचा मृत्यू, असंमती आणि अल्पवयीन. त्याखेरीज दोन पर्याय: 'यातलं काही लागू नाही' आणि 'इशारा द्यायचा नाही'. व्हिलनच्या फिकवर लोक सवयीने 'यातलं काही लागू नाही' निवडतात आणि शेवटी गेमप्रमाणे व्हिलन मरतो. तो तुमच्या कथेत मुख्य पात्र आहे, तेव्हा मृत्यूचा इशारा लागतो. शेवट फोडायचा नसेल तर 'इशारा द्यायचा नाही' निवडा, तो पर्याय त्यासाठीच आहे आणि त्यात लपवाछपवी काही नाही.

'डेड डव्ह' हा टॅग एकटा लावू नका. त्याचा अर्थ एवढाच की बाकीच्या टॅगमध्ये जे लिहिलंय ते खरोखर आत आहे, सौम्य करून नाही. बाकीचे टॅगच नसतील तर तो इशारा कशाचा? रिकाम्या डब्याला कुलूप.

फॅनडम, जोडी, पात्रं आणि इतर असे सगळे मिळून ७५ टॅगची मर्यादा आहे. जोडीचा टॅग टाइप करताना खाली येणाऱ्या यादीतूनच उचला, स्वतःचं स्पेलिंग लिहिलंत तर स्वयंसेवक जोडून देईपर्यंत कथा फिल्टरमध्ये सापडेलच असं नाही. आणि शोधणाऱ्यांसाठी: निकालात शोधायच्या चौकटीत 'ओटीपी' हे लॅटिन लिपीत, मग अपूर्णविरामाचे दोन टिंब, मग 'ट्रू' असं लिहिलं की ज्यांत एकच जोडी टॅग केलेली आहे तेवढ्याच कथा उरतात. वीस जोड्यांच्या यादीत तुमची जोडी एका वाक्यापुरती, हा मनस्ताप वाचतो.

डावं-उजवं

जपानी चित्रं शोधणाऱ्यांसाठी. तिथे नावांचा क्रम हा अर्थाचा भाग असतो. 'फायनल फँटसी ७'मधली 'सेफिकुरा' म्हणजे व्हिलन सेफिरोथ डावीकडे, नायक क्लाउड उजवीकडे, पुढाकार डाव्याचा. 'कुरासेफि' ही वेगळी जोडी आणि तिचे लोकही वेगळे. इंग्रजीत क्रम सहसा कुणी मनावर घेत नाही, म्हणून तिकडून आलेले दोन्ही टॅग एकत्र लावतात आणि मग ब्लॉक का झालो म्हणून विचारत बसतात. नकोशा जोडीला तिथे 'जिराई' म्हणतात, म्हणजे पेरलेला सुरुंग. प्रोफाइलवर डावं-उजवं पक्कं असल्याची सूचना असेल तर उलट जोडीचं चित्र त्यांना उद्देशून पाठवू नका.

पोकेमॉनमध्ये आणखी गंमत. जोडीच्या नावात पात्रांची नावंच नसतात. टीम मॅग्माचा मॅक्सी आणि टीम ॲक्वाचा आर्ची, ही जोडी 'हार्डनशिपिंग'. नाव माहीत नसेल तर शोधून सापडत नाही.

जमीन आणि समुद्र

हार्डनशिपिंगचा विषय निघालाच आहे तर: 'पोकेमॉन एमरल्ड' या गेमवरून लिहा. 'रूबी'त मॅग्मा खल, 'सफायर'मध्ये ॲक्वा. दोघं एकाच वेळी चुकीचे ठरतात ते 'एमरल्ड'मध्येच (२००४), आणि घेतलेले गोलक परत ठेवायला माउंट पायरवर दोघं येतात. तो डोंगर म्हणजे पोकेमॉनची दफनभूमी. याहून चांगली भेटीची जागा कुणी सुचवू शकेल असं वाटत नाही. चष्मा हवा असेल तर मात्र २०१४च्या रीमेकमधला मॅक्सी घ्या. दोन्हींची सरमिसळ केली तर वर लिहा.

रंगारी

चित्रांचं. 'ओव्हरवॉच'मधल्या विडोमेकर आणि सोंब्रा ('स्पायडरबाइट'): विडोमेकरचं हृदय मुद्दाम संथ केलेलं आहे, कातडी निळसर आणि थंड. तिच्या गालावर गुलाबी लाली घातली की ती सर्दी झाल्यासारखी दिसते. लाली गडद जांभळी आणि अगदी पुसट, किंवा अजिबात नको. सगळी ऊब सोंब्राच्या कातडीत ठेवा. दोघींचे जांभळे वेगळे राहिले पाहिजेत: एक निळ्याकडे झुकवा, एक गुलाबीकडे, आणि चित्र मधूनमधून करड्या छटांत बदलून बघा. करड्यात दोघी एकमेकींत विरघळल्या तर रंगात कितीही खटाटोप केलात तरी आकार सुटे होणार नाहीत.

सेफिरोथ डावखुरा आहे, पंख उजवीकडे. क्लाउडचं खांद्याचं चिलखत डाव्या खांद्यावर. प्रमाण तपासायला कॅनव्हास उलटा करतो आपण, तो परत सरळ करायला विसरलं की हे तिन्ही एकदम चुकतं, आणि चित्र टाकल्यावर पहिलं कुणीतरी तेच सांगतं. सेफिरोथच्या तलवारीच्या म्यानाच्या शोधात वेळ घालवू नका.

'रेसिडेंट ईव्हिल व्हिलेज'मधली लेडी दिमित्रेस्कू टोपी आणि टाचांसकट २.९ मीटर. जोडीदार १.७ मीटरचा धरला तर त्याचे डोळे तिच्या कमरेच्या आसपास येतात. नवशिके तिला फक्त उभी ताणतात, मग डोकं नारिंगीएवढं राहतं. आधी नेहमीच्या प्रमाणात पूर्ण आकृती काढा, मग डोक्या-हातांसकट १.७ पट मोठी करा. तिच्या पंजात जोडीदाराचा अख्खा चेहरा मावला पाहिजे.

निळा होलोग्राम

हँडसम जॅक आणि रीस ('ऱ्हॅक'). जॅक 'बॉर्डरलँड्स २'मध्येच मेलाय. 'टेल्स फ्रॉम द बॉर्डरलँड्स'मध्ये आहे ती रीसच्या डोक्यातली त्याची एआय नक्कल. सुरुवातीला ती फक्त रीसला दिसते आणि कशालाही हात लावू शकत नाही. तरी दर दुसऱ्या फिकमध्ये जॅक त्याची हनुवटी धरतो. स्पर्श हवाच असेल तर रीसचा यांत्रिक हात आहे की. त्याचाच हात, पण त्याच्या ताब्यात नसलेला. इथे गोडवा आणि भीती वेगळी करता येत नाही, आणि करूही नये.

टॅगवाली

आणि तिथे संमतीचे टॅग नीट लावा, हे वेगळं सांगायला नकोच.

हृदय नसलेले

'किंगडम हार्ट्स'मधली खलनायकांची टोळी, ऑर्गनायझेशन थर्टीन. प्रत्येकाला क्रमांक असल्याने जोडीचा दिवस क्रमांकांवरून पडतो: मार्लूक्शिया ११, लार्क्सीन १२, म्हणून ११/१२. घोटाळा असा की हे आकडे आधी महिना, मग तारीख असे वाचायचे. आपण ११ डिसेंबरला चित्र टाकतो, तोवर सगळे महिनाभर आधीच उरकून गेलेले. जोडीचा आठवडा आयोजित करणाऱ्यांनी महिना अक्षरांत लिहावा आणि उशिरा आलेल्यांसाठी आणखी सात दिवस ठेवावेत.

दुसरं: २००५च्या 'किंगडम हार्ट्स २'मध्ये नोबडींना (या टोळीतल्यांसारख्या जिवांना) हृदयच नसतं असं ठासून सांगितलंय. २०१२च्या 'ड्रीम ड्रॉप डिस्टन्स'मध्ये कळतं की ते पुन्हा उगवू शकतं आणि टोळीचा प्रमुख झेम्नास याने हे दडवलं. म्हणजे २०१२आधीच्या फिकमधलं "आपल्याला काही वाटतच नाही" हे चुकीचं नाही, त्या वेळचं आहे. नवीन लिहिताना यातलं कुठलं धरलंय ते वर एका ओळीत टाका.

छापखान्यातून

रंगारींच्या जांभळ्याबद्दल वाईट बातमी: पडद्यावरचा चमकता जांभळा सीएमवायकेत (छपाईच्या चार शाईंत) उतरत नाही, मळकट निळा होतो. शेवटी रूपांतर करून रडण्यापेक्षा पहिल्या स्केचपासून छपाईचा प्रूफ-दृश्य पर्याय चालू ठेवा.

ए५ झीनसाठी चारी बाजूंनी ३ मिमी ब्लीड (कापून जाणारी जादा कड) धरून फाइल १५४ × २१६ मिमी, म्हणजे ३०० डीपीआयला १८१९ × २५५१ पिक्सेल. मधोमध पिना मारायच्या असतील तर पानांची संख्या चारच्या पटीत. दोन पानांवर पसरलेल्या चित्रात चुंबन बरोबर घडीत येतं, कारण प्रत्येक जण जोडी मध्यभागी काढतो. आकृत्या एका पानावर सरकवा, दुसऱ्यावर कोट फडकू द्या.

व्हिलन म्हटले की काळे कोट आलेच. मोठ्या भागात नुसता १०० टक्के काळा दिला की तो राखाडी दिसतो. सोबत निळा ६०, मजेंटा ४०, पिवळा ४० घाला. एकूण शाई २४० टक्के होते, आपल्या कागदाला चालते का ते छापखान्याला आधी विचारा. फिकच्या मजकुराला मात्र फक्त काळा. मजकुरात चार रंग गेले की प्लेट केसभर जरी सरकली तरी प्रत्येक अक्षराला रंगीत सावली पडते.