वेसचा अंगठा आणि मागची व्हायोलिनं

या चर्चेत वर कुणीतरी म्हटलंय की अमेरिकी जॅझ गिटारवादक वेस माँटगोमेरीच्या मागे व्हायोलिनं लावली ती फक्त खपासाठी, त्यात जॅझ उरलाच नाही. १९६७ नंतरच्या रेकॉर्डांबद्दल असं म्हणाल तर मी भांडणार नाही. पण १९६३ची त्याची ‘फ्यूजन’ ही रेकॉर्ड त्याच रांगेत बसवू नका. तिथे संगीत संयोजक जिमी जोन्सने बांधलेली व्हायोलिनं गिटार श्वास घेते तिथेच पुढे येतात, सूर लागला की मागे सरतात. त्यातलं ‘माय रोमान्स’ हेडफोन लावून ऐका. आणि मागे ऱ्हिदम गिटारवर, म्हणजे साथीच्या गिटारवर कोण, तर चक्क केनी बरेल, जो स्वतःच नावाजलेला जॅझ गिटारवादक!

आणखी एक मुद्दा इथे कुणी मांडला नाही, तो अंगठ्याचा. वेस पिक, म्हणजे तारा छेडायची छोटी पट्टी, वापरत नसे. अंगठ्याच्या मांसल भागाने वाजवल्यामुळे स्वराच्या सुरुवातीला ‘टक्’ होत नाही, म्हणून तो व्हायोलिनच्या मऊ आवाजात सहज मिसळतो. मी पिक बाजूला ठेवून त्याचे ऑक्टेव्ह, म्हणजे एकच सूर दोन सप्तकांत एकदम, वाजवून बघितले. पाचव्या तारेवर तर्जनी, तिसरीवर अनामिका, आणि मधली चौथी तार तर्जनीच्याच पोटाने दाबून मुकी करायची. ती जरा जरी सुटली तरी नको तो सूर मध्ये खणखणतो. दोन महिन्यांनी कुठे चार स्वर स्वच्छ आले. एवढं करून ‘फ्यूजन’ परत लावली, तेव्हा त्या संथ चालीत त्याने किती जपून हात टाकलाय ते पहिल्यांदा ऐकू आलं.