मदत हवी आहे: गाठीतला ऑक्सिजन दाखवणारा एमआरआय

नमस्कार मंडळी. आम्ही कळव्याचे. बाबांना जिभेच्या मुळाशी कॅन्सर आहे. मानेतली गाठ लिंबाएवढी झालीय, या उकाड्यातही मफलर सोडत नाहीत. सोमवारपासून रेडिएशन, 35 सिटिंग.

गाठीत ऑक्सिजन कमी असेल तर पेशी रेडिएशनला सहज दाद देत नाहीत. म्हणून आधी साध्या हवेवर आणि मग मास्कने 100 टक्के ऑक्सिजन देऊन एमआरआय काढतात. ज्या भागात फरकच दिसत नाही तिथे ऑक्सिजन पोचत नसावा. खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये (टाटा मेमोरियलचं कॅन्सर केंद्र) किंवा मुंबईत असा अभ्यास चालू आहे का? कुणी असा एमआरआय केला असल्यास त्यावरून उपचार बदलले का? बाबांना आडवं पडलं की ठसका लागतो, त्यावर काय केलंत तेही सांगा. सोमवार मात्र आम्ही पुढे ढकलणार नाही.