प्रतिसाद: नेव्हरविंटर नाइट्समध्ये 'हॅक सापडत नाही' ही एरर

वर विचारलंय की नेव्हरविंटर नाइट्स या कॉम्प्युटर गेममध्ये डाउनलोड केलेलं मॉड्यूल (म्हणजे खेळायचं साहस) यादीत दिसतं, पण सुरू करताना हॅक (मॉड्यूलला लागणाऱ्या जादा सामग्रीची .हॅक फाइल) सापडत नाही म्हणतं. एन्हान्स्ड एडिशनमध्ये (गेमची सुधारित आवृत्ती) डॉक्युमेंट्समधल्या 'नेव्हरविंटर नाइट्स' फोल्डरात .मॉड फाइल (खुद्द मॉड्यूल) 'मॉड्यूल्स'मध्ये, .हॅक 'हॅक'मध्ये, .टीएलके (मजकुराची फाइल) 'टीएलके'मध्ये टाका. झिप उघडल्यावर बनलेला उपफोल्डर तसाच ठेवू नका, फाइल थेट हवी. हॅक फाइलचं नाव बदललंत तर संपलंच, कारण मॉड्यूल हॅक नावानेच शोधतं.

.टीएलके टाकायची विसरू नका, नाहीतर काही नावं नीट दिसत नाहीत!

'ओव्हरराइड' फोल्डरात शक्यतो काही टाकू नका. तिथलं सगळ्याच मॉड्यूलना लागू होतं. आणि हो, सेव्हमध्ये (साठवलेल्या खेळात) मॉड्यूलची प्रत असते, त्यामुळे नवी .मॉड टाकून जुन्या सेव्हमधला बग जात नाही.