‘इथं सडू नका, बाहेर उडा’ म्हणणाऱ्या कॅप्टनसाहेबांना

दाबोळी26
परवापासून एका गोंयकार कॅप्टनचा मजकूर फिरतोय. मला सात जणांनी पाठवला, त्यातल्या दोघांनी वर ‘बघ, जमलं असतं तुलाही’ असं लिहून. ज्यांच्यापर्यंत पोचला नसेल त्यांच्यासाठी सार: पोरांनो, इथल्या कंपन्यांत सडू नका, पूर्व आशियात परदेशी पायलट म्हणून या. पगार डॉलरमध्ये आणि करमुक्त. सहा आठवडे काम, तीन आठवडे घर. पाच वर्षांत पर्वरीला फ्लॅट, म्हापशात दुकान. खाली फोटो. खांद्यावर चार पट्टे, हातात कॉफी.

मी चीनमध्ये साडेपाच वर्षं ए-320 उडवलं. कंपनीचं नाव विचारू नका, सांगणार नाही. पगाराची गोष्ट खोटी नाही. पहिला पगार बँकेत पडला तेव्हा आकडा दोनदा वाचला आणि आईला फोन लावला.

पण ‘तीन आठवडे घर’ म्हणजे काय ते ऐका. जाण्यायेण्यात तीन दिवस. सिम्युलेटरची परीक्षा जवळ आली की आणखी एक आठवडा पुस्तकांत डोकं घालून. साडेपाच वर्षांत मला चवथ मिळाली दोनदा. एकदा माटोळी बांधायला पोचलो, एकदा थेट विसर्जनाला.

कामाचं म्हणाल तर, तिकडे कंट्रोलर उंची मीटरमध्ये सांगतो आणि आपण विमान फुटांत चालवतो, मधे एक तक्ता. शेजारच्या विमानांशी तो त्यांच्या भाषेत बोलतो, आपल्याशी इंग्रजीत. आजूबाजूला काय चाललंय ते अर्धंच कळतं. विमान टेकताना जरा जोरात बसलं की डेटा थेट ऑफिसात आणि दंड पगारातून. वैद्यकीय तपासणीत एखादा आकडा वर गेला की बॅग भरा.

आणि मग फेब्रुवारी 2020. मी सुट्टीवर घरी होतो. मेसेज आला, परत येऊ नका, पुढच्या सूचनेपर्यंत बिनपगारी रजा. तिथले स्थानिक पायलट मूळ पगार तरी घेत होते. आमचा करार विमान कंपनीशी नव्हताच, तिसऱ्याच देशातल्या एजन्सीशी होता. दाद कुठे मागायची? पेडण्याच्या कोर्टात? ऑगस्टमध्ये करार संपल्याचं पत्र आलं. माझं लॉगबुक, म्हणजे उडवलेल्या तासांची वही, तिकडच्या लॉकरमध्ये राहिलं होतं. तेवढे तास सिद्ध करून इथं पुन्हा उभं राहायला आठ महिने गेले.

तो जो वरचा पैसा देतात ना, तो आपल्या हुशारीचा नव्हे. कधीही काढून टाकता यावं म्हणून आगाऊ दिलेली भरपाई आहे ती. कॅप्टनसाहेबांनी कॉफी खाली ठेवून एवढं एक वाक्य लिहायला हवं होतं.

आणि हो, करमुक्त. इथल्या करातून सुटायचं तर भारतात वर्षाला 182 दिवसांच्या आत राहा. 2020 नंतर इथलं उत्पन्न 15 लाखांवर गेलं तर 120 दिवस. म्हणजे दुकान आणि फ्लॅट भाड्याने द्या आणि घरी यायचे दिवस बोटांवर मोजा.

गल्फात गोंयकार
दाबोळीबाब, झालं ते वाईट झालं, मान्य. पण एका कंपनीवरून आख्खा आशिया निकालात काढलात. दुबई, दोहा काय युरोपात आहेत? मी थेट कंपनीच्या नोकरीत आहे, मधे एजन्सी नाही. घरभाडं मिळतं, दोन्ही मुलांची फी मिळते. बायको इथंच. माझी चवथ बुडते हे खरं, पण डिचोलीत राहून मुंबईहून उडणाऱ्या माझ्या मित्राचीही बुडतेच.

आणि इथली सुरक्षितता कुठली हो? 2012 ला किंगफिशर. 17 एप्रिल 2019 ला जेट. पगार थकलेले आणि विमानं जमिनीवर. ते सगळे ‘स्थानिक’च होते ना? 2017 पासून नोकरी सोडायची तर कॅप्टनला एक वर्षाची नोटीस. एक वर्ष! कंपनीला काढायचं असेल तर तेवढं थांबते का?

डिसेंबर 2025 मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली ते विसरलात? पायलटांची आठवड्याची विश्रांती 36 वरून 48 तास आणि रात्रीची लँडिंग सहावरून दोन, हे नियम जानेवारी 2024 मध्येच जाहीर झाले होते. तरी माणसं पुरली नाहीत. मग सवलत कुणाला मिळाली? कंपनीला. माझ्या बाबांनी फोंड्याची जागा विकून मला लायसन्स दिलं. ते फेडायचं इथल्या पगारात की तिकडच्या, हे ठरवायला मला कुणाच्या प्रवचनाची गरज नाही.

दाबोळी26
प्रवचन मी नाही, त्या कॅप्टनने केलं. मी उत्तर दिलं. आणि थेट नोकरीचं म्हणाल तर हाँगकाँगची कॅथे. थेट नोकरी, युनियन, जुनं नाव, सगळं होतं. ऑक्टोबर 2020 मध्ये एका झटक्यात 5,900 जणांच्या नोकऱ्या गेल्या, त्यांचीच दुसरी कंपनी कॅथे ड्रॅगन बंद झाली, उरलेल्या पायलटांपुढे कमी पगाराचा नवा करार ठेवला. सही करा नाहीतर घरी जा.

गल्फात गोंयकार
कोविडमध्ये आख्खं जग घरी होतं. तेवढ्यावर आयुष्यभराचा हिशेब मांडायचा म्हणजे पूर आला म्हणून नदीकाठी शेतीच करू नका म्हटल्यासारखं.

माजी तारवटी
तुम्ही दोघे भांडा. आमच्या घरात तीन पिढ्या बोटीवर गेल्या. करार संपला की घरी, पुढचा मिळेल तेव्हा मिळेल. कुणी कौतुक केलं नाही, कुणी रडलं नाही. पायलटचे पट्टे आले की लगेच ‘परदेशी करार’ हा मोठा विषय होतो. आकाशातले तारवटीच तुम्ही. एक सांगतो, आम्ही पैसे येताच आधी घराचं छप्पर घातलं, मग गाडी घेतली. तुम्ही उलटं करता.

सीए, मडगाव
भांडणात पडत नाही, पण 120 दिवसांचं अर्धंच सांगितलंय. 120 ओलांडून 182 च्या आत राहिलात तर ‘निवासी, पण सामान्यतः निवासी नाही’ या वर्गात जाता. परदेशात कमावलेला पगार त्या वर्गात सहसा करपात्र होत नाही. त्यामुळे फ्लॅटही ठेवा आणि चवथीलाही या. लोकांना उगाच घाबरवू नका.

दाबोळी26
बरं बाबा, चुकलो. 2020 मध्ये मला कर भरण्याएवढा पगारच नव्हता, त्यामुळे तो कायदा शेवटपर्यंत वाचायची वेळ आली नाही.

पेडण्याची आई
मी गेले दोन दिवस हे वाचते आहे. माझा मुलगा 27 वर्षांचा, इथं को-पायलट आहे. व्हिएतनामच्या एका कंपनीचं पत्र आलंय, शुक्रवारपर्यंत सही करायची आहे. आम्ही मोपाच्या सड्याजवळचे. तिथं आमची काजूची बाग होती, ती विमानतळात गेली. जे पैसे मिळाले ते त्याच्या ट्रेनिंगला घातले. वाटलं होतं, विमानतळ दाराशी येतोय, मुलगा दाराशी राहील. आता विमानं रोज घरावरून जातात आणि हा निघाला हनोईला. तुम्ही अनुभवी माणसं आहात, काय विचारायचं असतं कंपनीला ते सांगा.

सासष्टीचो
बाई, तुमच्याबद्दल वाईट वाटतं, पण हेच आम्ही ओरडून सांगत होतो. मोपा पाहिजे कुणाला होता? दाबोळीचा जुना विमानतळ होता ना! आमच्या काणकोणच्या माणसाने विमान पकडायला आख्खा गोवा उभा कापायचा? कतारची विमानं 2024 मध्ये तिकडे गेली. दाबोळीला हळूहळू कुलूप लावायचा डाव आहे.

सत्तरीकर
आला! मोपाचा म निघाला की सासष्टीतून कुणीतरी येतोच. दाबोळी नौदलाची, सकाळी त्यांचा सराव. प्रवाशांनी कधी उडायचं, मध्यरात्री? वाळपईहून दाबोळी गाठायला आम्ही जुवारीच्या जुन्या पुलावर अर्धं आयुष्य काढलं, तेव्हा तुम्हाला आख्खा गोवा आठवला नाही.

सासष्टीचो
नवा पूल झाला, ती तक्रार संपली. आता सांग, मोपाला टॅक्सीला किती देतोस? गेल्या महिन्यात मी मोपा ते मडगाव जे दिले त्यात मुंबईचं विमानाचं तिकीट आलं असतं. ॲपवरून गाडी मागवली तर स्टँडवरचा माणूस अंगावर आला.

सत्तरीकर
टॅक्सीचा आणि विमानतळाचा काय संबंध? दाबोळीला काय आरती ओवाळून फुकट सोडायचे?

माजी तारवटी
फुकट नाही, पण निदान रडत सोडायचे. मोपाचे हसत लुटतात.

पेडण्याची आई
टॅक्सीवाल्यांना नावं ठेवू नका. आमच्या वाड्यावरच्या चार मुलांनी जमिनीच्या पैशांतून टॅक्सी घेतल्या. दुसरं काय मिळालं त्यांना? आत सूट घालून उभ्या राहायच्या नोकऱ्या बाहेरच्यांना.

सासष्टीचो
आँ! म्हणजे तुम्हीही मोपाच्या विरोधातच!

पेडण्याची आई
मी विरोधातही नाही आणि बाजूनेही नाही. 2019 मध्ये सुप्रीम कोर्टाने पर्यावरणाची परवानगी थांबवली तेव्हा आमच्या घरात दोन दिवस भांडण झालं. नवरा खूश, मुलगा रडवेला. जानेवारी 2020 मध्ये ती पुन्हा चालू झाली, तेव्हा उलटं. तुम्हाला विमान कुठून पकडायचं एवढाच प्रश्न आहे.

सत्तरीकर
बाईंनी बरोबर वाजवली.

सासष्टीचो
तुझी पण वाजवली, कळलं नाही वाटतं.

दाबोळी26
अरे, त्यांनी एक साधा प्रश्न विचारला होता! शुक्रवारपर्यंत सही करायची आहे आणि तुम्ही टॅक्सीची भाडी काढत बसलात.

सत्तरीकर
मग मूळ मुद्द्यावर बोलतो. मला एक कळत नाही, आपली पोरं बाहेर जातात आणि आपण बाहेरचे कॅप्टन आणतो. 2010 ला मंगळूरला काय झालं? दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेस, 158 माणसं गेली, आठ वाचली. कॅप्टन परदेशी. वाटेत बराच वेळ झोपलेला.

गल्फात गोंयकार
थांबा. हा मुद्दा परदेशी रक्तावर ढकलू नका, मी स्वतः दुसऱ्याच्या देशात परदेशी कॅप्टन आहे. एअर मार्शल भूषण गोखल्यांच्या चौकशी अहवालात दोन्ही गोष्टी आहेत. कॅप्टन दीड तासाहून जास्त झोपला, जागा झाल्यावर विमान फार उंचावर आणि वेगात होतं. आणि शेजारचा को-पायलट तीनदा म्हणाला, उतरू नका, परत वर घ्या. ऐकलं नाही. डेकन, ढाका, दोहा, कुठलाही कॅप्टन पहाटे चार वाजता झोपेतून उठून असाच चुकू शकतो.

दाबोळी26
यात तुझ्याशी भांडण नाही. फक्त पुढे एक पाऊल जा. तो को-पायलट तीनदा बोलला, चौथ्यांदा विमानाला हात घातला नाही. आता त्याच्या जागी पेडण्याचा 27 वर्षांचा मुलगा ठेव. शेजारी अनोळखी कॅप्टन, अनोळखी भाषा, आणि नोकरी अशी की एका तक्रारीवर विमानात बसवून घरी पाठवतील. तो तीनदा तरी बोलेल का?

गल्फात गोंयकार
...आमच्याकडे बोलतात. बोलायला शिकवतात, न बोलल्याबद्दल परीक्षेत नापास करतात.

दाबोळी26
तुमच्याकडे. ठीक. म्हणजे कंपनी बघून जा, पगार बघून नको. एवढंच मी पहिल्यापासून म्हणतोय.

गल्फात गोंयकार
नाही हो, पहिल्यापासून तुम्ही ‘जाऊ नका’ म्हणत होता. आता वळवलंत. असू दे, चवथीला एकदा हरलेला माणूस तुम्ही, जिंकल्याचं समाधान घ्या.

दाबोळी26
एकदा नाही रे, तीनदा चुकली. जोडून वाच. बाई, तुमच्यासाठी. कराराची सगळी पानं मला पाठवा, आधी ते पान ज्यावर नोकरी देणाऱ्याचं नाव आहे. कंपनीचं आहे की एजन्सीचं, आणि एजन्सी कुठल्या देशात नोंदलेली. मुलाने चार गोष्टी लेखी मागाव्यात: लायसन्स वैद्यकीय कारणाने गेलं तर विमा कोण भरणार, उड्डाणं बंद पडली तर किमान पगार किती, मधेच सोडलं तर बाँडचे किती परत करायचे, आणि किती तास झाले की कॅप्टनच्या परीक्षेला बसवणार. तोंडी ‘बघू’ म्हणाले तर ते नाही असं धरा.

गल्फात गोंयकार
पाचवी गोष्ट मी घालतो. तिथं आधीपासून असलेल्या दोन को-पायलटांशी बोलू दे त्याला. एजन्सीने ओळख करून दिलेल्यांशी नको, स्वतः शोधलेल्यांशी. आणि भारतातला नोटीसचा काळ पुरा केल्याशिवाय निघू नको म्हणावं, परत यायची वाट बंद होते.

दाबोळी26
हे मात्र बरोबर बोललास. आणि लॉगबुक. दर महिन्याला पानांवर सही-शिक्का घेऊन स्कॅन घरी पाठवायला सांगा. तिकडच्या लॉकरमध्ये ठेवू नको म्हणावं.

पेडण्याची आई
देव बरें करूं तुम्हां दोघांचं. आज रात्री त्याला बसवून वाचून दाखवते. तो म्हणेल, आई, तू कधीपासून बाँड-बिंड बोलायला लागलीस.

सासष्टीचो
जायच्या दिवशी टॅक्सी आदल्या रात्रीच सांगून ठेवा हां. मोपाचं काही खरं नाही.

पेडण्याची आई
आम्हाला कशाला टॅक्सी? पूर्वी आमच्याच काजूंतून पायवाट होती तिथं. आता वळसा पडतो, पण चालत जाईल तो.