क्लिपवरचे इफेक्ट एआय एजंटच्या हाती द्यावेत का?

टाइमलाइनकर
माझं मत सरळ आहे: द्यावेत. प्रीमियर प्रो या व्हिडिओ एडिटिंग सॉफ्टवेअरला एमसीपी सर्व्हर जोडला की एजंट (सांगितलेलं काम स्वतः करणारा एआय प्रोग्राम) क्लिपवरचे इफेक्ट वाचतो, नवे लावतो, व्हॅल्यू बदलतो, नको ते काढतो. (एमसीपी म्हणजे मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल. एजंटला बाहेरची सॉफ्टवेअर वापरता यावीत म्हणून अँथ्रोपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये खुला केलेला.) लग्नाचाच प्रोजेक्ट घ्या. हळद एका कॅमेऱ्यावर, मंगलाष्टकं तीन कॅमेऱ्यांवर, वरात कुणाच्या तरी मोबाइलवर. कुठल्या क्लिपवर लुमेट्री हा रंगाचा इफेक्ट दोनदा लागलाय, कुठे तो बंद राहिलाय, हे शोधायला माणूस का बसवायचा? सकाळी डिलिव्हरी असताना रात्री दोन वाजता डोळ्यांना हे दिसत नाही.

जुना_स्प्लायसर
पेस्ट ॲट्रिब्यूट्स कुठे गेलं? प्रीसेट (जतन केलेली सेटिंग), ॲडजस्टमेंट लेयर (खालच्या सगळ्या क्लिपवर एकदम इफेक्ट लावणारा थर)? एका क्लिपवर लावा, कॉपी करा, बाकीच्या निवडून पेस्ट करा, संपलं. एजंटला वाक्य लिहून समजावेपर्यंत माझा चहाही पिऊन होतो.

खरा मुद्दा क्रमाचा आहे. इफेक्ट वरून खाली लागू होतात. आधी ब्लर आणि मग क्रॉप केलं तर कड तीक्ष्ण राहते. उलट केलं तर कडच विरघळते. मोशन (जागा आणि आकार) आणि ओपॅसिटी (पारदर्शकता) तर बाकी सगळ्या इफेक्टनंतर लागतात, म्हणून कधी कधी मोशन सोडून तेच काम करणारा ट्रान्सफॉर्म इफेक्ट घ्यावा लागतो. एजंटला इफेक्टची नावं आणि आकडे दिसतात. फ्रेम कुठे दिसते?

स्क्रिप्टवाला
दोघेही यंत्र आतून कसं चालतं ते सोडून बोलताय. सर्व्हर प्रीमियरला हलवतो तो स्क्रिप्टमधून. प्रीमियरच्या एक्स्टेंडस्क्रिप्ट या जुन्या स्क्रिप्टिंगमध्ये आधीपासून लावलेल्या इफेक्टच्या व्हॅल्यू वाचता-बदलता येतात, पण नवा इफेक्ट लावायची अधिकृत सोय नाही. त्यासाठी लोक क्यूई नावाच्या, कुठलंही अधिकृत कागदपत्र नसलेल्या मागच्या दाराने जातात. पुढच्या अपडेटला ते दार बंद झालं तर तक्रार कुणाकडे करणार?

शिवाय कीफ्रेम, म्हणजे ठरावीक क्षणाला बांधलेली व्हॅल्यू. ज्या पॅरामीटरवर कीफ्रेम आहेत, त्याला साधी एकच व्हॅल्यू देता येत नाही, कीफ्रेमनिहाय द्यावी लागते. सर्व्हर लिहिणाऱ्याने हे तपासलं नसेल तर एजंट 'झालं' म्हणून मोकळा आणि क्लिप जशीच्या तशी. यूएक्सपी हे नवीन स्क्रिप्टिंग बरं आहे. त्यात इफेक्ट लावण्याची अधिकृत सोय आहे आणि बदल एका ट्रान्झॅक्शनमध्ये बांधता येतात, म्हणजे एका अन्डूत सगळे मागे. दा विंची रिझॉल्व्ह हे दुसरं एडिटिंग सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी फार हुरळून जाऊ नये. बाहेरून स्क्रिप्ट चालवायची तर पैसे भरून स्टुडिओ आवृत्ती घ्यावी लागते.

टाइमलाइनकर
@जुना_स्प्लायसर, पेस्ट करताना काय कुठे पेस्ट करायचं हे आधी माहीत असावं लागतं ना! मी शोधण्याबद्दल बोलतोय. वॉर्प स्टॅबिलायझर (हलणारं चित्र स्थिर करणारा इफेक्ट) आणि स्पीडचा बदल एकाच क्लिपवर चालत नाहीत, नेस्ट करावं लागतं (क्लिप वेगळ्या सीक्वेन्समध्ये, म्हणजे टाइमलाइनमध्ये, गुंडाळावी लागते), हे तुम्हाला माहीत आहेच. फ्रेमवर इशाऱ्याची पट्टी येते, पण प्लेहेड (टाइमलाइनवरची चालू जागा दाखवणारी रेघ) तिथे गेला तर. तासाभराच्या टाइमलाइनमधून अशा क्लिप काढून दाखवणारं तुमचं प्रीसेट कुठलं?

असिस्टंट_मी
मी मालिकेच्या एडिटला असिस्टंट आहे. रोजचा एपिसोड, रोज तेच. ज्या कामाला 'माणूस का बसवायचा' म्हणता, ते करतानाच सीनियर शेजारी बसून सांगतात की हा ग्रेड (रंगांची जुळवणी) इथे का नको. ते काम गेलं तर नव्या मुलींना त्या खोलीत शिरायला कारण काय उरणार? आधीच बाकी सगळं एकट्याच्या लॅपटॉपवर गेलंय.

जुना_स्प्लायसर
ताई, एजंटच्या विरोधात मी तुमच्या बाजूने आहे, पण हे पटलं नाही. दोनदा लागलेले इफेक्ट शोधून कुणी एडिटिंग शिकत नाही. सीनियर शिकवतात कारण त्यांना शिकवावंसं वाटतं. ज्यांना वाटत नाही, त्यांच्या शेजारी वर्षभर बसा, चहाच सांगायला लावतील.

असिस्टंट_मी
वाटायला आधी शेजारी कुणी असावं लागतं, सर. एक खुर्ची कमी करायला निर्मात्यांना निमित्तच हवं असतं.

स्क्रिप्टवाला
खुर्चीचं उत्तर माझ्याकडे नाही. कामापुरतं एवढंच: सर्व्हरची फक्त वाचणारी टूल चालू ठेवा. लिहिणारी चालवायचीच असतील तर सीक्वेन्सची डुप्लिकेट काढून तिच्यावर. 'नवरीचा चेहरा थोडा वॉर्म कर' हे वाक्य एजंटला अजिबात देऊ नका. तो टेंपरेचरचा स्लायडर सरकवेल आणि मागचा पांढरा मांडव पिवळा होईल.

टाइमलाइनकर
फक्त वाचणारी टूल? मग यादी घेऊन एकेक क्लिप दुरुस्त करायला पुन्हा मीच बसायचं. डुप्लिकेटवर लिहू देणं मान्य, पण लिहायचंच नाही हे मला मान्य नाही.